तेवढाच त्यांचा वेळ जातो

"ताई, मी 39 वर्षांची, हिंजवडीत आयटी कंपनीत टीम लीड आहे. चार वर्षं चकलीची भाजणी आणि मेतकूट विकते. गेल्या दिवाळीत 80 किलो भाजणी गेली! पण रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेचे कॉल, मग दीडपर्यंत पाकिटं, लेबलं, कुरिअर. सगळं एकटी सांभाळते. भाजायचं तेवढं सासूबाई बघतात, तेवढाच त्यांचा वेळ जातो. यंदा त्यांचे गुडघे धरलेत, म्हणजे तेही माझ्याच गळ्यात. नवरा म्हणतो धंदा बंद कर, मैत्रिणी म्हणतात नोकरी सोड. काय करू?"
– एक दमलेली, चिंचवड

अगं दमलेले, दमलीस ते कळलं. पण "तेवढाच त्यांचा वेळ जातो" इथे जी अडकले, ते तुझा प्रश्न तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना.

किती वेळ जातो, मोजलास कधी? मी मोजला. घरच्या लोखंडी कढईत एका वेळी किलोभर धान्य नीट भाजलं जातं, त्याहून जास्त टाकलं की खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. मंद आचेवर एका घाण्याला वीस मिनिटं धर. 80 किलोचे झाले 26 तासांच्या वर. उभ्याने, हातातलं उलथनं न थांबवता. त्यात तांदूळ धुऊन पंच्यावर वाळवणं धरलेलंच नाही. तांदूळ वेगळे, हरभरा डाळ वेगळी, उडदाची वेगळी, धणे-जिरे शेवटी. उडीद जरा जास्त भाजला गेला की अख्खी भाजणी कडू. गिरणीवाल्याला "गव्हावर दळू नकोस रे, हरभऱ्यावर दळ" असं बजावतं कोण? तू तर तेव्हा कॉलवर असतेस.

आणि गुडघे का धरले, हा प्रश्न तुला पडला नाही. तुला पडलं ते "माझ्याच गळ्यात".

लोक तुझ्याकडे परत येतात ते लेबल छान आहे म्हणून नव्हे. चकली तेल पीत नाही, तोंडात टाकली की कुडकुडते, म्हणून येतात. ती करामत ओट्यापाशी उभी आहे. तू या धंद्याचं पॅकिंग आणि कुरिअर बघतेस. वाईट काम नाही, पण मालकीण तू नाहीस. मग बंद करायचा की नाही हे ठरवणारी तू कोण, आणि तुझा नवरा तरी कोण? (त्याला एक काम दे. गुडघे डॉक्टरांना दाखवायला तो नेईल. आई त्याची आहे.)

एवढंच कर. येत्या रविवारी हिशेबाची वही घेऊन त्यांच्या शेजारी बस. चार वर्षांत काय आलं, काय गेलं, सगळं वाचून दाखव. मग विचार, "आई, तुमचे किती?" त्या "मला काय करायचेत पैसे" म्हणतील. म्हणू देत, तू उठू नकोस. आकडा कागदावर उतरेपर्यंत बस. पाकिटावर अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआयचा) 14 आकडी नंबर छापतेस ना, ती नोंदणी त्यांच्या नावाने नवी काढ, क्यूआर कोडही त्यांच्या खात्याचा. तुझं नेमणूकपत्रही एकदा नीट वाच. 2022 मध्ये जोडकामावरून (नोकरी करता करता दुसरं काम केलं म्हणून) आयटीत काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या. पण त्या भीतीने नाव त्यांचं आणि पैसा तुझा, असला चावटपणा करायचा नाही.

यंदा भाजायला बाई ठेवायची तर ती त्या निवडतील, पगार धंद्यातून. त्या खुर्चीत बसून नुसत्या वासावर सांगतील कुठला घाणा उतरवायचा ते. आणि त्या म्हणाल्या, "नको गं बाई यंदा," तर वाद घालू नकोस. "यंदा भाजणी नाही" हा मेसेज गिऱ्हाइकांना त्याच रात्री पाठव. खाली नाव त्यांचं लिही.