तुमचे प्रश्न : सिमोन सिन्योरे, वय न लपवणारी

प्रश्न : ‘ले दियाबोलिक’ नावाचा जुना फ्रेंच सिनेमा पाहिला. त्यातली काळा गॉगल लावलेली शाळेतली बाई डोक्यातून जातच नाहीये. कोण ही?

उत्तर : ही सिमोन सिन्योरे, आणि तुम्ही तिच्याबद्दल विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला, कारण जुन्या फ्रेंच सिनेमाचं नाव काढलं की लोक बहुतेक वेळा ब्रिजित बार्दो या नटीपाशी थांबतात. सिमोन जन्मली २५ मार्च १९२१ ला, जर्मनीतल्या वीसबाडेनला, पण वाढली पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीमधे. खरं आडनाव कामिंकर. वडील ज्यू, आई कॅथलिक. युद्धात जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि वडील निघून गेले लंडनला, जर्मनांविरुद्ध लढणारे फ्रेंच सेनानी द गॉल यांच्याकडे, मागे उरली आई, दोन धाकटे भाऊ आणि विशीतही न पोचलेली ही, म्हणजे घर चालवायचं कोणी तर हिनेच. नोकरी मिळाली ती सुद्धा जर्मनांची बाजू घेणाऱ्या एका पेपरात सेक्रेटरीची, आणि ही गोष्ट तिनं आयुष्यात कधी झाकून ठेवली नाही, आत्मचरित्रात स्वतःच सांगितली. १९४१ मधे ती नोकरी सोडली आणि सिनेमात एक्स्ट्रा म्हणून उभी राहायला लागली. कामिंकर या ज्यू नावाने तेव्हा काम मिळणं सोडा, जिवालाच धोका होता, म्हणून आईचं माहेरचं आडनाव घेतलं, सिन्योरे. आपण जे नाव पोस्टरवर वाचतो ते असं आलंय.

‘ले दियाबोलिक’ १९५५ चा, दिग्दर्शक क्लूझो. सिनेमा संपल्यावर पडद्यावर पाटी येते की शेवट कुणाला सांगू नका, म्हणून मी पण सांगत नाही.

प्रश्न : तिला ऑस्कर मिळालं ते इंग्रजी सिनेमासाठी, असं वाचलं. फ्रेंच बाई तिथे पोचली कशी?

उत्तर : हो, ‘रूम अ‍ॅट द टॉप’, १९५९ चा ब्रिटिश सिनेमा, जॅक क्लेटनचा. एक महत्त्वाकांक्षी तरुण (लॉरेन्स हार्वी) श्रीमंत बापाच्या मुलीच्या मागे असतो आणि त्याच वेळी अ‍ॅलिस नावाच्या, लग्नात दुःखी असलेल्या, वयाने मोठ्या बाईच्या प्रेमात पडतो. मूळ कादंबरीतली अ‍ॅलिस इंग्रज आहे, सिनेमात ती फ्रेंच केली ती सिमोनसाठी. आणि काय काम केलंय! ओरडणं नाही, मोठमोठे डायलॉग नाहीत, नुसती सिगरेट ओढत ती त्याच्याकडे बघते आणि आपल्याला कळतं की हिला पुढचं सगळं आधीच समजलंय, तरीही ती त्याच्यावर प्रेम करतेय. कान महोत्सवात बक्षीस, ब्रिटिश अकादमीचं बक्षीस, आणि मग एप्रिल १९६० मधे ऑस्कर. समोर कोण होतं बघा, ऑड्री आणि कॅथरीन या दोन्ही हेपबर्न, एलिझाबेथ टेलर आणि डोरिस डे! ती तेव्हा ३९ वर्षांची.

आणि एक गोष्ट, त्याआधी कित्येक वर्षं तिला आणि तिचा नवरा, गायक-नट इव्ह मोंतां, यांना अमेरिका व्हिसाच देत नव्हती. १९५० मधे अणुबाँबच्या विरोधातल्या स्टॉकहोम आवाहनावर सही केली होती ना, आणि दोघं डाव्या विचारांचे. कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड मात्र दोघांकडेही कधीच नव्हतं. पुढे १९६० मधेच फ्रान्सच्या अल्जीरियातल्या युद्धाविरुद्धच्या १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर पण तिची सही आहे, म्हणजे ऑस्कर घरी आल्यावर गप्प बसली असं झालं नाही.

प्रश्न : मेरिलिन मन्रोचं आणि मोंतांचं खरं होतं का?

उत्तर : होतं. १९६० मधे ‘लेट्स मेक लव्ह’च्या शूटिंगच्या वेळी. जगभरच्या पेपरांनी सिमोनला बिचारी करून टाकलं. तिनं मात्र मेरिलिनबद्दल आत्मचरित्रात जे लिहिलंय ते मायेनं लिहिलंय, शेजारणीबद्दल लिहावं तसं, कारण हॉलिवूडमधे काही काळ दोन्ही जोडपी (मेरिलिनचा नवरा तेव्हा नाटककार आर्थर मिलर) खरंच शेजारी राहत होती. लग्न टिकलं, १९५१ ते तिच्या मृत्यूपर्यंत. याहून जास्त या विषयावर लिहावंसं मला वाटत नाही, बाईचं काम एवढं मोठं आहे की नवऱ्याच्या प्रकरणावरून तिला ओळखणं मला पटत नाही.

प्रश्न : नंतरच्या सिनेमात ती इतकी म्हातारी का दिसते? पन्नाशीतच? आजारी होती का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय. शेवटी शेवटी तब्येत बिघडली, नजर जवळजवळ गेली, आणि ३० सप्टेंबर १९८५ ला कॅन्सरने ती गेली हे खरं. पण चेहऱ्याचं म्हणाल तर तो तिनं तसाच राहू दिला. १९५२ च्या ‘कास्क दॉर’मधे तीच बाई सोनेरी केसांची, बघत राहावी अशी मारी होती. (गायिका नीना सिमोनने ‘सिमोन’ हे नाव हिच्यावरूनच घेतलं.) मग वजन वाढलं, डोळ्याखाली पिशव्या आल्या, आणि तिनं ना ऑपरेशन केलं ना तरुण भूमिकांच्या मागे धावली. १९७१ च्या ‘ल शा’मधे म्हणजे ‘मांजर’मधे ती आणि जाँ गाबँ एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारे नवरा-बायको आहेत, चिठ्ठ्या टाकून बोलतात, आणि बाहेर आजूबाजूची घरं पाडली जातायत. दोघांनाही बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं. आणि १९७७ ची ‘मादाम रोझा’, जिना चढताना धापा टाकणारी, छळछावणीतून वाचलेली म्हातारी, वेश्यांची मुलं सांभाळणारी. तेव्हा सिमोन ५६ ची होती. त्यासाठी तिला सेझार, म्हणजे फ्रान्सचं सिनेमाचं मोठं बक्षीस, मिळालं. हिरोइनची आई व्हायचं वय झालं की आपल्याकडच्या किती चांगल्या नट्या घरी बसवल्या गेल्या, म्हणून मला हे सिनेमे बघताना भरून येतं.

प्रश्न : सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

उत्तर : दिग्दर्शक मेल्विलचा ‘आर्मी ऑफ शॅडोज’, १९६९. ती माथिल्द आहे, नाझींविरुद्ध भूमिगत काम करणारी, सगळ्यात हुशार आणि सगळ्यात शांत. एक सहकारी तिला बजावतो की पर्समधला मुलीचा फोटो फेकून दे, पकडली गेलीस तर महागात पडेल. ती फेकत नाही. तो प्रसंग बघताना १९४१ च्या पॅरिसमधली आईचं आडनाव लावून कामाला जाणारी ती पोरगी आठवा.