‘प्लॉट’ला कथानक म्हणायचं की कथावस्तू? आणि ‘संवेदनशील प्रतिमा’ बरोबर आहे का?

एका महाविद्यालयीन शिक्षिकेने हा प्रश्न विचारला आहे. रे ब्रॅडबरी यांच्या ‘ऑल समर इन अ डे’ (1954) या विज्ञानकथेचं रसग्रहण त्यांचे विद्यार्थी मराठीत लिहीत आहेत. ‘प्लॉट’साठी कुणी ‘कथानक’ लिहितं, कुणी ‘कथावस्तू’, तर एकाने ‘संविधानक’ लिहिलं आहे. ‘सेन्सरी इमेजरी’साठी मात्र बहुतेकांनी ‘संवेदनशील प्रतिमा’ हा शब्द वापरला आहे. यातलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं?

‘संवेदनशील प्रतिमा’ खोडावं, आणि निःशंकपणे खोडावं. ‘शील’ म्हणजे स्वभाव. ज्याला चटकन जाणवतं, ज्याच्यावर लगेच परिणाम होतो, ते संवेदनशील. मन संवेदनशील असतं, त्वचा असते, निवडणुकीच्या काळात मतदान केंद्रंही असतात. कथेतल्या प्रतिमेला स्वतःला काहीच जाणवत नाही. ती वाचकाला जाणवून देते. ‘संवेदी’ हा शब्दही सुचवला जातो, पण तो विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘संवेदी चेतापेशी’साठी योग्य आहे. तिथे त्याचा अर्थ संवेदना वाहून नेणारी पेशी असा होतो. साहित्यासाठी आपल्याकडे ‘इंद्रियसंवेद्य’ हा चांगला, समीक्षेत रुळलेला शब्द आहे. संवेद्य म्हणजे जाणवण्याजोगं. इंद्रियांना जाणवेल अशी प्रतिमा ती इंद्रियसंवेद्य प्रतिमा, आणि कथेतल्या अशा सगळ्या प्रतिमा मिळून जे उभं राहतं ती प्रतिमासृष्टी. एकेका इंद्रियापुरतं बोलायचं असेल तेव्हा दृक्‌प्रतिमा, नादप्रतिमा, स्पर्शप्रतिमा, गंधप्रतिमा असं म्हणावं. चवीसाठी मात्र ‘रसप्रतिमा’ टाळावं. साहित्यचर्चेत ‘रस’ म्हटलं की वाचकाचं मन थेट शृंगार-करुणाकडे जातं, जिभेकडे जात नाही. तिथे सरळ ‘चवीची प्रतिमा’ लिहावं.

आता ‘प्लॉट’. विद्यार्थ्यांनी लिहिलेले तिन्ही शब्द खरे आहेत आणि तिघांचं घराणं जुनं आहे. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताने ‘इतिवृत्ता’ला, म्हणजे नाटकातल्या घटितांना, नाट्याचं शरीर म्हटलं. पुढे धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात नाट्यप्रकारांमधला भेद ज्यांवरून ओळखायचा ती तीन अंगं सांगितली: वस्तू, नेता (म्हणजे नायक) आणि रस. आपली ‘कथावस्तू’ तिथून आली. पण आजच्या मराठीत ती दोन अर्थांनी फिरते. कुणी घटनांच्या मांडणीला कथावस्तू म्हणतं, कुणी कथेच्या विषयाला. परीक्षेत ‘या कथेची कथावस्तू सांगा’ असं विचारलं की निम्मी मुलं गोष्ट सांगतात आणि निम्मी ‘एकाकीपणा’ असं एका शब्दात उत्तर देतात, आणि दोन्ही उत्तरं चूक म्हणता येत नाहीत. ‘संविधानक’ मला फार आवडतो. सम् + वि + धा म्हणजे नीट, विचारपूर्वक रचणं. जुन्या मराठी नाट्यसमीक्षेत तो सर्रास भेटतो. आज ‘संविधान’ म्हणताच राज्यघटना डोळ्यांपुढे येते, म्हणून लघुकथेच्या रसग्रहणात तो वाचकाला अडखळवतो. नाटकापुरता ठेवावा, तिथे शोभतोही.

उरतं ‘कथानक’. तेच वापरावं, एका अटीवर. कथानक म्हणजे गोष्टीचा सारांश, अशी समजूत ठेवू नये. ‘आधी हे झालं, मग ते झालं’ हा घटनाक्रम. ‘हे झालं म्हणून ते झालं’ हे कथानक. आणि ज्या एका कल्पनेतून सगळं उगवतं ते कथाबीज. संस्कृत नाट्यशास्त्रात कथावस्तूचे पाच घटक, म्हणजे अर्थप्रकृती, सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली ‘बीज’च आहे. विज्ञानकथेत हा तिसरा शब्द हाताशी लागतोच, कारण तिथे बीज बहुधा निसर्गाच्या एखाद्या बदललेल्या नियमात असतं.

हे नेमून दिलेल्या कथेवरच पाहू. कथाबीज असं: शुक्र ग्रहावर सतत पाऊस पडतो, सात वर्षांतून एकदाच दोन तास सूर्य दिसतो. घटनाक्रम असा: तिथल्या शाळेतल्या एका वर्गातली मुलं नऊ वर्षांची आहेत. मागच्या वेळी सूर्य निघाला तेव्हा ती दोन वर्षांची होती, त्यांना काहीच आठवत नाही. मार्गो नावाची मुलगी पाच वर्षांपूर्वी पृथ्वीवरून, ओहायोतून आलेली आहे. तिला सूर्य आठवतो. सूर्य निघायच्या थोडं आधी मुलं तिला कपाटात कोंडतात. सूर्य निघतो, मुलं जंगलात धावतात, तिला विसरतात. पाऊस परत येतो. मग तिची आठवण होते आणि ती कपाट उघडायला जातात.

कथानक शोधायचं तर विचारायला हवं की मुलं तिला का कोंडतात. मत्सर म्हणून, हे खरंच. पण मत्सर कशाचा? इथे भारतीय तर्कशास्त्रातले दोन शब्द जितकं नेमकं सांगतात तितकं दुसरं काही सांगत नाही, असं मला वाटतं. मार्गोकडे सूर्याचं ‘प्रत्यक्ष’ आहे. अक्ष म्हणजे इंद्रिय. इंद्रियाला थेट भिडून झालेलं ज्ञान ते प्रत्यक्ष. बाकीच्या मुलांकडे फक्त ‘शब्द’ आहे: बाईंनी वर्गात शिकवलेलं, पुस्तकात वाचलेलं, शास्त्रज्ञांनी वर्तवलेलं. सूर्य पिवळा असतो, उष्ण असतो, हे त्यांना पाठ आहे. मार्गो मात्र त्याला नाण्याची उपमा देते, चुलीतल्या विस्तवाची देते. चार वर्षांच्या मुलीच्या हाताला आणि डोळ्याला घरात जे भेटलं असेल, त्यातूनच तिच्या उपमा आल्या आहेत. मुलांना खुपतं ते हेच. म्हणजे या कथेत मुलांच्या क्रौर्याचं कारणच एक इंद्रियसंवेदना आहे, जी एकट्या मार्गोकडे आहे आणि बाकी कुणाकडेच नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी ‘कथानक’ आणि ‘प्रतिमासृष्टी’ अशी दोन वेगळी शीर्षकं देऊन दोन वेगळे परिच्छेद लिहू नयेत, असं मी आग्रहाने सांगेन. अनेक कथांमध्ये प्रतिमा ही सजावट असते आणि ती काढली तरी कथानक उभं राहतं. या कथेत ती काढली तर ‘का’ या प्रश्नाचं उत्तरच हरवतं.

मार्गोचं वर्णन पाहा. जणू पावसाने तिच्या डोळ्यांतला निळा, ओठांवरचा लाल, केसांतला पिवळा रंग धुऊन नेला आहे, जुन्या अल्बममधल्या विटलेल्या फोटोसारखी ती दिसते. ही दृक्‌प्रतिमा आहे हे कुणीही ओळखेल. पण पुढे बाहेरच्या जंगलाचं वर्णन येतं, आणि तेही रबर, राख, दगड, पांढरं चीज, चंद्र यांच्या रंगाचं. कित्येक वर्षं ऊन न मिळालेली झाडं आणि ऊन हरवलेली मुलगी एकाच रंगहीनतेत रंगवलेली आहेत. मार्गोला नेमकं काय झालंय, हे निवेदक सांगण्याआधी जंगल सांगून जातं.

आणखी एक तपशील: महिनाभरापूर्वी शाळेत शॉवरखाली जायला तिने नकार दिला होता, पाणी डोक्याला लागू नये म्हणून कान आणि डोकं गच्च धरून ती किंचाळली होती. याला स्पर्शप्रतिमा म्हणायचं की घटना? दोन्ही म्हणायचं. त्या प्रसंगानंतरच ती ‘वेगळी’ आहे हे मुलांच्या लक्षात येतं, आणि वेगळेपणाचं पुढे काय होतं ते आपण वाचतो.

मला या कथेत सर्वांत समृद्ध वाटतो तो नाद. संपूर्ण कथानक आवाजांच्या भाषेत सांगता येतं. सुरुवातीला अखंड पाऊस, जो इतका सवयीचा आहे की मुलांना तो ऐकूही येत नसेल. मग कपाटाच्या दारावरचे धक्के आणि आतून येणारं दबलेलं ओरडणं. मग पाऊस थांबतो, आणि आवाजच गेल्यामुळे मुलं कानांवर हात ठेवतात. दार सरकतं तेव्हा त्या निःशब्द जगाचा वास आत येतो. एका वाक्यात गंध आणि शांतता एकत्र येण्याची ही जागा विद्यार्थ्यांनी सोडू नये. मग धावणं, ओरडणं, हसणं, अंगाखाली दबणाऱ्या जंगलाचा आवाज. मग एका मुलीच्या तळहातावर पडलेला एक थेंब आणि तिचं रडणं. मग मेघगर्जना, पुन्हा पाऊस. आणि शेवटी कपाटाच्या दारामागे शांतता.

शांतता दोनदा येते. पहिल्यांदा ती सुटका आहे. दुसऱ्यांदा ती मुलांवरचा आरोप आहे. शब्द तोच, पण मधल्या दोन तासांत काय घडलं आणि काय घडू दिलं नाही, त्याने अर्थ उलटा झाला. कवी-समीक्षक मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद (संभाषण नव्हे, मेळ), विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांची मांडणी केली. या दोन शांततांच्या नात्याला विरोधलय म्हटलं, तर रसग्रहणात एक नेमका मराठी शब्द कामाला येईल. त्याच मर्ढेकरांनी साहित्याचं माध्यम प्रत्यक्ष संवेदना नसून शब्दांचे भावनात्मक अर्थ आहेत, असंही म्हटलं आहे. ‘इंद्रियसंवेद्य’ लिहिताना हे ध्यानात असू द्यावं: पानावर पाऊस नसतो. वाचकाच्या साठ्यातला पाऊस जागा होतो, आणि मराठी वाचकाचा तो साठा मोठा आहे.

म्हणूनच कथेचा आशय मराठीत मांडताना शब्द पारखून घ्यावे लागतात. ‘रिमझिम’ इथे कुठेच चालणार नाही, त्यात सुख आहे. ‘रिपरिप’ आणि ‘पिरपिर’ यांत वैताग आहे, पण जोर नाही. ‘मुसळधार’ने जोर कळतो, काळ कळत नाही. सात वर्षांच्या पावसाला ‘संततधार’ हा शब्द सर्वांत जवळचा, आणि छपरावरच्या आवाजाला ‘ताडताड’ किंवा ‘तडतड’. शांततेच्या बाबतीत मात्र मी उलट सल्ला देईन. आपल्याकडे सामसूम आहे, शुकशुकाट आहे, चिडीचूप आहे, नीरवता आहे. पुनरुक्ती टाळायची म्हणून विद्यार्थी एका ठिकाणी ‘नीरवता’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सामसूम’ लिहितील. तसं करू नये. मूळ इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे आणि सगळी ताकद त्या एकपणातच आहे. दोन्हीकडे ‘शांतता’ लिहावं.

कथेतलं विज्ञान चुकीचं आहे, मग कथानकही दोषी ठरतं का, असं एखादा चौकस विद्यार्थी विचारेल. 1962 मध्ये मरिनर-2 हे यान शुक्राजवळून गेलं, तेव्हा तो ग्रह भयंकर तापलेला असल्याचं स्पष्ट झालं. पृष्ठभागाचं तापमान सुमारे 465 अंश सेल्सिअस आहे, ढग गंधकाम्लाचे आहेत, तिथे जंगल शक्यच नाही. 1954 मध्ये ढगांखाली काय आहे ते कुणालाच दिसलेलं नव्हतं. बीज एकदा मान्य केलं की त्यातून पुढचं सगळं कार्यकारणाने उगवतं की नाही, एवढंच कथानकाच्या दृष्टीने पाहायचं. इथे ते उगवतं.

हे नातं मराठी विज्ञानकथेतही सापडतं. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये शीर्षकातली दृक्‌प्रतिमा हाच कथानकाचा दुवा आहे. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली हे त्या मूर्तीच्या सोंडेवरून कळतं. विद्यार्थ्यांना तुलनेला दुसरी कथा हवी असेल तर ही द्यावी. तिथे सगळा भार डोळ्यावर आहे, ब्रॅडबरींच्या कथेत कानावर.

शिक्षिकेने जाता जाता आणखी एक विचारलं आहे: ‘बिंब’ चालेल का? हिंदी समीक्षेत ‘इमेज’ला बिंब म्हणतात आणि संदर्भासाठी हिंदी पुस्तकं वाचणारी मुलं तो शब्द उचलतात. चूक म्हणणार नाही, पण मराठीत या अर्थी ‘प्रतिमा’ स्थिर झाली आहे आणि ‘प्रतीक’ व ‘रूपक’ यांच्यापासून तिचा भेदही आपल्याकडे नीट सांगितला गेला आहे. ‘बिंब’ म्हटलं की आपल्याला सूर्यबिंब आठवतं, आणि सूर्याच्याच कथेवर लिहिताना तो गोंधळ टाळलेला बरा.