योग्याकार्ताला शिकायला जाताना जावानीज शिकावी का?

ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्ताला चाललोय, नुसती इंडोनेशियन पुरेल का तिथली स्थानिक जावानीज पण शिकू, असं विचारलंयस. मी चार वर्षं इथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्गात इंडोनेशियनच. २००९ चा कायदाच आहे तसा, आणि बाकावर शेजारी जावाचा, पलीकडे बांडुंगची सुंदानी बोलणारी, मागे सुमात्रातल्या मेदानचा, बाताक समाजाचा पोरगा, मग दुसरी कुठली चालणार. खरी गंमत कँटीनला. जावाची दोघंतिघं जमली की लगेच न्गोको, म्हणजे अरेतुरेची जावानीज, आणि तो बाताक येऊन बसला की वाक्याच्या मधूनच गाडी इंडोनेशियनवर.

पण हीच पोरं सरांशी जावानीज बोलत नाहीत. मला वाटायचं लाज वाटते, तसं नाहीये, चुकायची भीती वाटते. मोठ्यांशी क्रामा, म्हणजे आदराची जावानीज बोलायची आणि तिथे आपल्यासारखं नुसतं अहोजाहो करून भागत नाही, शब्दच बदलतात. मित्र जेवला तर मांगान, मोठ्यांना स्वतःचं सांगताना नेडा, आणि सर जेवले तर डाहार! मी पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंना ऐटीत सांगितलं, "कुला सांपुन डाहार", म्हणजे "आम्ही जेवलात" म्हटल्यासारखं झालं, बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी परकी म्हणून हसण्यावारी गेलं, जावाच्या पोराने हे केलं तर आईबापांचं वळण निघतं. त्यापेक्षा इंडोनेशियन बरी, सगळ्यांना एकच माकान. माझी रूममेट आजीची क्रामा सगळी समजते, उत्तर मात्र इंडोनेशियनमध्ये देते.

तर तू आधी इंडोनेशियनच पक्की कर. लिपी रोमन, बरेचसे शब्द ओळखीचे निघतात, बाहासा, गुरू, महासिस्वा म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी, आणि कुर्सी म्हणजे आपली खुर्चीच. जावानीजचं थोडंसं तोंडात ठेव: नुवुन सेवु (जरा सरका, माफ करा), मातुर नुवुन (आभार), मोंगो (या, घ्या, चालू द्या, सगळं यातच). द आणि ड तिथे वेगळे आहेत, ते आपल्याला आयतंच जमतं. रात्री आंकरिंगानवर, म्हणजे चहा आणि भाताच्या पुड्यांची गाडी असते ना तिथे, म्हाताऱ्या काकांना किंमत "पिन्तेन?" अशीच विचार, मित्रांचं ऐकून "पिरो?" नको.

आणि सुट्टीत बांडुंगला गेलास तर हे सगळं विसर, तिथे सुंदानी चालते, माफ करा म्हणायला पुन्तेन आणि आभाराला हातुर नुहुन.