किडनी माझी, मग विषाणूही माझाच का?

“आईने मुलाला किडनी दिली आणि काही महिन्यांनी मुलाच्या रक्तात विषाणू निघाला. मग तो आईकडूनच आला ना?” प्रत्यारोपणाच्या ओपीडीबाहेर हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. देणारी कधी बायको असते, कधी बहीण, कधी वडील. विचारताना आवाज मात्र सगळ्यांचाच खाली गेलेला असतो.

इंदूरच्या रामबागेकडचं एक मराठी कुटुंब माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. किडनी देणाऱ्या काकू साठीच्या आसपासच्या, मुलगा पस्तिशीचा, सून, आणि बालवाडीत जाणारा नातू. ऑपरेशन छान झालं. पहिले तीन महिने मुलाला विषाणू दाबून ठेवणारी व्हॅलगॅनसिक्लोव्हिर चालू होती, ती ठरल्याप्रमाणे थांबली. त्यानंतर काही आठवड्यांत बारीक ताप, जुलाब, अन्नावरची वासना गेलेली. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. पीसीआर तपासणीत सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सगळे ज्याला सीएमव्ही म्हणतात तो, सापडला. प्रतिबंधक गोळी थांबल्यानंतरच्या काळात तो डोकं वर काढतो हे डॉक्टरांना माहीत असतं. उपचार लगेच सुरू झाले, उतारही पडू लागला.

सून माझ्याकडे आली ती सासूसाठी. काकूंनी आपलं अंथरूण मागच्या खोलीत हलवलं होतं. ताट-वाटी वेगळी केली, स्वयंपाकघरात पाय ठेवेनात, नातू गळ्यात पडायला आला की हात मागे घेत. कारण काय, तर देवासहून भेटायला आलेली काकूंची नणंद सहज बोलून गेली होती, “वहिनी, तुमच्या रक्तातच काही असेल.” असं सहज बोलणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच.

काकू आल्या तेव्हा मी फाइल उघडून ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचं पान काढलं. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं: दाता, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे हा विषाणू कधीतरी अंगात शिरल्याची खूण. “बघा, आहेच,” म्हणाल्या. मी बोट खालच्या ओळीवर सरकवलं. रुग्ण, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह.

“म्हणजे याच्याही अंगात आधीपासूनच होता?”

होता. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतो. लहानपणी लाळेतून, आईच्या दुधातून येतो, सर्दी-तापासारखं काही होतं किंवा तेही होत नाही, आणि मग तो जन्मभर शरीरात निपचित पडून राहतो. नवी किडनी शरीराने परकी म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणलेली असते, आणि तेव्हा तो जागा होतो. दोघंही पॉझिटिव्ह असले की जागा झालेला मुलाचा स्वतःचा की किडनीबरोबर आलेला, हे नेहमीच्या तपासणीतून कळत नाही. उपचार दोन्हीकडे तेच.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग माझ्याच दुधातून गेला असेल. फिरून माझ्यावरच आलं.”

“असेलही. तुम्हाला तुमच्या आईकडून आला असेल.”

“आईला काय बोल लावायचा त्यात!” त्या चटकन म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

एवढ्याने अपराधीपणा जातो असं नाही. पण काकू त्या दिवशी घरी जाऊन पुढच्या खोलीत बसल्या, असं सुनेने फोनवर सांगितलं.

दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह अशी जोडीही असते, आणि तिथे विषाणू खरोखरच किडनीबरोबर येऊ शकतो. अशा रुग्णांना धोका सगळ्यात जास्त, म्हणून प्रतिबंधक गोळी साधारण सहा महिने चालते. पण हे ऑपरेशनच्या आधीच तपासलेलं असतं. डॉक्टर ते जाणून, किडनीची गरज आणि धोका तोलूनच पुढे जातात. दात्याने काही लपवलं किंवा बिघडवलं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

या घरातली खरी काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. सीएमव्हीसाठी डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटचा डोस कमी केला होता. मुलाने त्यातून आपलं गणित मांडलं: एक गोळी कमी केल्याने विषाणू हटतो, तर दुसरी कमी केल्याने लवकर हटेल. रात्रीची टॅक्रोलिमस, त्याच कामाची दुसरी गोळी, तो अधूनमधून सोडत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आधी सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या गोळ्या काकू हातावर ठेवत, आणि काकू तर मागच्या खोलीत. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी घसरलेली आली तेव्हा कुठे हे बाहेर पडलं. कोणती गोळी किती कमी करायची हे रक्तातली पातळी आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघून ठरतं. घरी ठरवलं तर किडनी नाकारली जाण्याची वाट मोकळी होते. नणंदेने आणलेला गुळवेलीचा काढाही त्याच दिवशी बंद करायला सांगितला. जी प्रतिकारशक्ती औषधं देऊन खाली ठेवली आहे, तीच चढवण्यासाठी काढा प्यायचा, हे कसं जमेल?

काकूंकडे गोळ्यांचं खातं परत दिलं. तपासणीच्या सकाळी रक्त आधी, टॅक्रोलिमस नंतर, हे त्या आता मुलालाच बजावतात.

आणखी एका विषाणूचं नाव सांगते, कारण त्याने ताप येत नाही, दुखत-खुपत नाही. बीके विषाणू. १९७१ साली लंडनमध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला. तोही बहुतेकांना लहानपणीच येतो आणि मूत्रमार्गात राहतो. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. वेळेत कळलं तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं डॉक्टर कमी करतात, एवढाच इलाज. म्हणून “बरं वाटतंय, मग कशाला सुई” म्हणत महिन्याची तपासणी चुकवू नका.

वेगळ्या ताट-वाटीने सीएमव्ही किंवा बीके अडत नाही. घरात खरंच जपायचं ते फ्लू, कोविड आणि कांजिण्यांना. नातवाला कांजिण्या आल्या तर वडिलांना लांब ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, वडिलांच्या अंगावर पुरळ दिसायची वाट बघायची नाही. नातवाच्या लशी वेळेवर होऊ द्या. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी घ्या. रुग्णाला मात्र कांजिण्या, गोवर यांच्यासारख्या जिवंत लशी चालत नाहीत. आणि ताप अंगाला जाणवला नाही तरी थर्मामीटर लावा, कारण स्टेरॉइडमुळे तो झाकला जातो. दुखणं-तापासाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका, त्यातल्या बऱ्याच किडनीला बाधतात.

शेवटी मुलाने विचारलंच, “मॅडम, सराफ्यात कधी जायचं?” सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. इंदूरचा माणूस, विचारणारच. पाणीपुरी नको, पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई येतो. कढईतून गरम निघालेलं काही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, गर्दी नसताना, मास्क लावून. जिलबीबद्दल मी बोलले नाही. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडने साखर चढते, त्यामुळे आधी शुगरचा रिपोर्ट येऊ दे म्हटलं.