एव्हरेस्ट बेस कॅम्पला बाबांना घेऊन निघण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेला ट्रेक कंपनीचा कार्यक्रम, दोन्ही सावकाश वाचलं. ऑक्टोबरात बाबांबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्प, सोबत गाईड आणि मुक्कामाला चांगले लॉज, हा बेत मला आवडला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दिवसभराच्या चालीनंतर कोरडी गादी आणि जाड पांघरूण मिळालं की दुसऱ्या दिवशी पाय नीट उचलतात. पण या कार्यक्रमात खोल्यांचं वर्णन दोन पानं भरून आहे आणि मुक्कामांची उंची कुठेच नाही. म्हणून आधी पेन घे आणि प्रत्येक गावापुढे मीटर लिही.

लुक्ला 2860, फाकडिंग 2610, नामचे बाजार 3440, देबुचे 3820, दिंगबोचे 4410, लोबुचे 4940, गोरखशेप 5164. बेस कॅम्प 5364 मीटरवर. तिथे मुक्काम नसतो, जाऊन परत गोरखशेपला यायचं.

आता वजाबाकी कर. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावात जास्तीची काढायची, असा हिशेब असतो. त्यांनी नामचेला दोन रात्री दिल्यात, ते ठीक. पुढे देबुचेहून दिंगबोचे 590 मीटर वर आणि लगेच दुसऱ्या दिवशी लोबुचे, आणखी 530. मध्ये थांबा नाही. अशा जोडून घेतलेल्या चढांनीच माणसं लोबुचेला आडवी होतात. दिंगबोचेला दुसरी रात्र मागून घे. खर्च वाढेल म्हणाले तर खालचा एखादा महागडा लॉज साधा कर, पण ही रात्र सोडू नकोस.

जास्तीच्या दिवशी लोळायचं मात्र नाही. नामचेहून स्यांगबोचेच्या बाजूला 3880 मीटरवरच्या हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत चढा, चहा घ्या आणि झोपायला खाली या. हे हॉटेल 1971 सालचं. त्याच्या गच्चीतून एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दब्लम दिसतात. दिंगबोचेला गावामागच्या नांगकारत्शांगच्या धारेवर 4800 मीटरपर्यंत जा आणि जेवायला परत या. दिवसा वर, रात्री खाली, यानेच उंची अंगवळणी पडते. त्याच दिवशी जमलं तर धार ओलांडून फेरिचेलाही उतरा. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारांची माहिती देतात. बाबांना ती त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

खोली उबदार असली तरी हवा तितकीच विरळ असते. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि विजेवर तापणारी गादी त्यात काही भर घालत नाही. उलट अशा लॉजमध्ये फसायला होतं. जेवणघरात मधोमध पत्र्याची शेगडी असते, तिचा धुराडा थेट छतातून वर गेलेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या पेटतात, खिडक्यांखालच्या बाकांवर तिबेटी गालिचे अंथरलेले असतात आणि समोर आलं-लिंबू-मधाचा गरम थर्मास येतो. अशा उबेत डोकं ठणकत असलं तरी माणूस म्हणतो, दमणूक असेल, झोपलं की जाईल. शिवाय एवढे पैसे भरलेत, मागे कसं फिरायचं, हेही मनात असतंच. तिथेच दुखणं अंगावर काढलं जातं.

म्हणून दुसरं काही सिद्ध होईपर्यंत वरची डोकेदुखी उंचीचीच समजायची. जोडीला मळमळ, अन्नावर वासना नसणं, चक्कर, न ओसरणारा थकवा यांतलं काही असेल तर वर जाणं थांबवायचं, पाणी प्यायचं, पॅरासिटामॉल घ्यायची आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत तिथेच राहायचं. वाढत गेलं तर उतरायचं. दोन खुणा दिसल्या तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. एक म्हणजे तोल जाणं. जेवणघराच्या फरशीला लाकडी फळ्या असतात. त्यातल्या एका फळीच्या रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगायचं. जो डगमगला किंवा रेषेबाहेर गेला, त्याच्या मेंदूला सूज येत असू शकते. दुसरी म्हणजे बसल्या जागी धाप लागणं, त्यासोबत खोकला, छातीत घरघर. ते फुप्फुसात पाणी साठण्याचं लक्षण. दोन्हींत औषध आणि ऑक्सिजन वेळ मिळवून देतात, पण खरा उपाय खाली उतरणं हाच, रात्र असली तरी, निदान 300 ते 1000 मीटर.

झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो, त्याला मात्र घाबरू नका. उंचीवर तो पुष्कळांना होतो. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही परत नामचेला येईपर्यंत बंद. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण गार बोटांवर किंवा नेलपॉलिशवर ते चुकीचा आकडा दाखवतं. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीबद्दल विचारलं आहेस. नेहमीचा प्रतिबंधक डोस 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. पण आधी डॉक्टरांना दोघांचीही प्रकृती दाखवा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर हे स्पष्ट सांगायचं. घरी दोन दिवस घेऊन पाहा म्हणजे बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि वारंवार होणारी लघवी तिथे नवी वाटणार नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन पिशव्यांत वाटून ठेव. एक हमालाकडच्या सामानात, एक तुझ्या पाठीवर.

खरं सांगू, बाबांपेक्षा मला तुझी काळजी जास्त वाटते. तू दर रविवारी सिंहगड झपाझप चढतेस, दम उत्तम आहे. पण दम चांगला असला म्हणून उंची लागत नाही असं नाही. तंदुरुस्त तरुण पुढे धावतात आणि त्यांनाच आधी लागते. सह्याद्रीत पहाटे निघून माथा गाठायचा आणि संध्याकाळी घरी यायचं, ही सवय तिथे घातक आहे. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे लुक्लाच्या धावपट्टीपेक्षाही बाराशे मीटर खाली. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेव. गाईड ‘बिस्तारै, बिस्तारै’, म्हणजे हळूहळू, म्हणत राहील, त्याच्या मागे राहा, पुढे नको. त्याला दाइ, म्हणजे दादा, म्हण आणि रोज सकाळी रात्र कशी गेली ते खरं खरं सांग. ‘लेक लाग्यो’ हे शब्द त्याच्या तोंडून आले, तर त्याचा अर्थ उंची लागली. मग वाद घालायचा नाही.

गाईड ठरवताना एक गोष्ट काठमांडूतच बोलून घ्या. तुम्ही दोघं आणि गाईड एकच असेल, तर एकाला उतरावं लागल्यावर दोघांनीही उतरायचं. हे वर गेल्यावर ठरवायला बसलात तर बाबा म्हणतील, तू जाऊन ये. ते ऐकायचं नाही. दोघांपैकी कुणी तरी पुढे जायलाच हवं असेल तर सहायक गाईड आधीच सांगा. हमालाचंही विचारा. दोघांचं मिळून सामान 20 किलोच्या आसपास ठेवा. त्याच्या पायात धड बूट आहेत का, जाड जाकीट आणि गॉगल आहे का आणि त्याचा विमा काढलाय का, हे पाहणं तुझं काम आहे.

बाबांना आत्ताच सांगून ठेव की दिंगबोचेच्या पुढे चैन संपते. लोबुचे आणि गोरखशेपला खोल्यांना प्लायवूडच्या भिंती, शेजारच्याचा खोकला ऐकू येतो. संडास सामाईक आणि पहाटे तिथल्या पिंपातल्या पाण्यावर बर्फ. खोलीत शेगडी नसते. पांघरूण मिळालं तरी उणे 10 ते 15 अंश झेपणारी स्लीपिंग बॅग काठमांडूच्या थमेल बाजारातून भाड्याने घे. झोपताना जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट पिळून, मोज्यात घालून बॅगेत पायाशी सरकव. सकाळी तेच प्यायचं. मोबाइल आणि पॉवर बँकही बॅगेतच. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

जेवणात डाळभात सर्वांत उत्तम, पुन्हा वाढतात आणि ताजा असतो. नामचेच्या वर मांस खाऊ नका. हा भाग सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात येतो, त्याच्या हद्दीत जनावर मारत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं आणि वाटेत दिवस जातात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, उकळलेलं किंवा शुद्धीकरणाची गोळी टाकलेलं. गार पाण्यात गोळीला जास्त वेळ लागतो. तोंडावर कापड बांधून चाला, कोरड्या हवेने खोकला लागतो आणि मग सुटत नाही. समोरून याक किंवा झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) आले तर डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीकडे कधीच नाही. झुलत्या पुलावर ते चढले असतील तर अलीकडेच थांबा. मणी-भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

लुक्लाचं विमान ढगांवर अवलंबून. गर्दीच्या हंगामात ते बहुधा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतं, म्हणजे मध्यरात्रीनंतर गाडीने चार-पाच तास. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. विमा 6000 मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसह हवा. विमा कंपनीचा फोन नंबर कागदावर लिहून गाईडकडेही दे. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळल्याचे प्रकार 2018 साली नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाले होते. साध्या डोकेदुखीवर कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर आधी विमा कंपनीला फोन करा. शेवटचं एटीएम नामचेला, त्यामुळे नेपाळी रोकड खालूनच पुरेशी घ्या.

आणि बाबांचा पासपोर्ट नसेल तर त्यांचं मतदार ओळखपत्र आजच शोधून ठेव. नेपाळच्या विमानाला त्यांच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. मीटर लिहिलेला नवा कार्यक्रम तयार झाला की मला पाठव, वजाबाकी मीही एकदा करून पाहीन.

तुझा काका