‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आज पाहावा का?

तुमच्या आईला मधुबाला आवडते म्हणून दोघींनी मिळून ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ बघायचं ठरवलंय, पण सिनेमा बायकांच्या विरोधातला आहे असं वाचल्यामुळे तुम्ही थबकला आहात. माझं उत्तर : नक्की बघा. आणि तुम्ही वाचलंत तेही खोटं नाही. गुरुदत्तचा १९५५ सालचा हा सिनेमा घटस्फोटाच्या कायद्याविरुद्ध उघडउघड बोलतो, स्वतंत्र विचारांच्या बाईची टर उडवतो आणि शेवटी नायिकेला संसाराच्या वाटेला लावून मोकळा होतो. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे माझं या सिनेमाशी जुनं भांडण आहे. तरी तो माझ्या अत्यंत आवडत्या सिनेमांपैकी एक आहे. भांडणासकट सांगते.

गोष्ट थोडक्यात अशी. अनिता वर्मा, म्हणजे मधुबाला, मुंबईतली श्रीमंत मुलगी. एकवीस वर्षांची झाल्यावर महिन्याभरात लग्न केलं तरच बापाची संपत्ती तिला मिळणार, असं मृत्युपत्र. तिला वाढवणारी आत्या सीतादेवी पुरुषांना उभं करत नाही आणि स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून चळवळ करते. ती यातून वाट काढते : एखादा गरजू तरुण पैसे देऊन नवरा म्हणून उभा करायचा, संपत्ती हातात आली की घटस्फोट. तो तरुण म्हणजे बेकार व्यंगचित्रकार प्रीतम, खुद्द गुरुदत्त. सीतादेवीला माहीत नसतं की या दोघांची टेनिसच्या सामन्याच्या वेळी आधीच गाठ पडलेली आहे. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

सीतादेवीचं काम ललिता पवारांनी केलंय, आणि सिनेमाचा तोल जातो तो इथे. पटकथेला ती हेकट, कडवट, पोरीचं आयुष्य नासवणारी बाई हवी होती. पण ललिताबाई पडद्यावर आल्या की त्यांच्यावरून नजर हलत नाही. येवल्यात जन्मलेली, मूकपटांपासून काम करणारी, सेटवरच्या अपघातात डोळ्याला कायमची इजा होऊनही चरित्रभूमिकांत नव्याने उभी राहिलेली ही अभिनेत्री. तिच्या तोंडी एक चूक वाक्य टाकलं तरी ते ठाम वाटतं. प्रीतमची मुलाखत घेताना ती ‘कम्युनिस्ट हो?’ म्हणून विचारते आणि तो ‘जी नहीं, कार्टूनिस्ट’ म्हणतो, तिथे आजही सगळे हसतात. मी मात्र तिच्याकडे बघत असते. बायकांना हक्क नाहीत, ही तिची मूळ तक्रार सिनेमा एकदाही खोडून काढू शकत नाही. तो फक्त तिला एकटी पाडतो.

आता कायद्याचं, कारण ते माहीत असेल तर सिनेमा दुप्पट कळतो. हिंदूंचे लग्न, घटस्फोट, वारसा यांचे कायदे बदलू पाहणारं हिंदू कोड बिल रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पुढे त्याचे तुकडे करून एकेक कायदा मंजूर झाला आणि त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. शीर्षकातल्या ५५चं वजन तिथलं आहे. मुंबई प्रांतात तर हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला होता. तेव्हा सिनेमात ज्या संकटाची एवढी भीती दाखवलीय, ते या शहरात आधीपासून नांदत होतं आणि मुंबईतले संसार काही कोसळले नव्हते.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. सीतादेवीचा बेत, आज लग्न आणि लगोलग घटस्फोट, १९५५च्या कायद्यात बसतच नाही. लग्नाला तीन वर्षं झाल्याशिवाय सहसा घटस्फोटाचा अर्ज करता येत नव्हता. दोघांनी संगनमताने ‘आम्हांला वेगळं व्हायचंय’ म्हणणं तर अशक्यच. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय १९७६ साली आली. तोवर वेगळं व्हायचं तर कुणाला तरी दोषी ठरवावं लागे. आणि सिनेमात नेमकं तेच होतं : अनिताचं आपल्यावर प्रेम नाही असं समजून प्रीतम तिला लवकर मोकळं करण्यासाठी स्वतःविरुद्ध खोटे पुरावे पुरवतो. लेखक अब्रार अल्वींना तो त्याचा त्याग वाटला असणार. मला त्यात एका अपुऱ्या कायद्याचं अचूक चित्र दिसतं. दोन भल्या माणसांना वेगळं होण्यासाठी एकाला चिखलात लोळावं लागतं, हे मी जुन्या निकालपत्रांतून इतक्यांदा वाचलंय की तो प्रसंग मला हसत बघता येत नाही.

आणि तुम्हांला खटकणार आहे तो भाग. प्रीतम अनिताला जवळजवळ पळवून गावाकडे भावाच्या घरी नेतो. तिथे त्याची वहिनी, म्हणजे अभिनेत्री कुमकुम, मुलं सांभाळत, घरकाम करत तृप्त आहे. नवरा मारत असेल तर, असं अनिता विचारते, तेव्हा वहिनीचं उत्तर साधारण असं : भात खाताना खडा लागला म्हणून कुणी भात खायचं सोडत नाही. या वाक्याचं समर्थन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ते वाईटच आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या की त्या साली कायदाही तिच्यापेक्षा फार पुढे नव्हता. क्रूर वागणुकीसाठी न्यायालयाकडून वेगळं राहण्याचा आदेश मिळे, घटस्फोट नाही. क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मिळू लागला तोही १९७६ सालीच. आईबरोबर बघाल तेव्हा इथे खुशाल थांबवा आणि बोला. त्यांच्या पिढीने ही वाक्यं कशी ऐकली ते मला स्वतःला ऐकायला आवडेल.

मग एवढं सगळं असून बघायचा कशासाठी? मधुबालासाठी, आईंचं बरोबर आहे. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिच्या सौंदर्याबद्दल इतकं बोललं जातं की विनोदातली तिची चपळाई राहूनच जाते. आत्यासमोर निरागस चेहरा, आणि आत्याची पाठ वळताच तोच चेहरा क्षणात खट्याळ. प्रीतमवर चिडताना ती ओठ मुडपते तेव्हा चिडणं आणि आवडणं यांतला फरक तिला स्वतःलाही कळेनासा झालेला असतो. संवादाविना एवढं सांगणारी नट मंडळी आपल्याकडे थोडी आहेत.

आणि मुंबईसाठी. हे शहर इथे हॉटेलं, बसथांबे, वर्तमानपत्राची कचेरी, बागेतली बाकं यांतून दिसतं. खिसा रिकामा पण जीभ तल्लख, अशा तरुणांचं शहर. प्रीतमचा मित्र झालेला जॉनी वॉकर स्वतः एके काळी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता, त्यामुळे तो या गर्दीत पाहुण्यासारखा वावरत नाही. ‘जाने कहाँ मेरा जिगर गया जी’ हे गाणं तर कचेरीतल्या टेबलांमधून घडतं. जॉनी वॉकर आणि अभिनेत्री यास्मिनने केलेली टायपिस्ट, रफी आणि गीता दत्तचे आवाज, ओ. पी. नय्यरचा ठेका आणि गीतकार मजरूहचे साधे बोलीतले शब्द. नीट बघा : ही मुलगी नोकरी करते, कमावते, स्वतःच्या मर्जीने प्रेम करते आणि सिनेमा तिला एका शब्दाने बोल लावत नाही. सीतादेवीवर तुटून पडणाऱ्या सिनेमात ही टायपिस्ट शांतपणे जिंकून जाते. माझ्या मते सिनेमाचं मन तिथे आहे, वहिनीच्या स्वयंपाकघरात नाही.

व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्याबद्दल एकच सांगते. पुढे ‘प्यासा’मध्ये ज्या सावल्या काळीज चिरतात, त्या टिपणाऱ्या मूर्तींचा हात इथे हलका, उन्हात न्हालेला आहे, ‘ठंडी हवा काली घटा’मधल्या छत्र्या बघितल्या की कळेल. प्रीतम चित्र काढताना कागदावर फिरणारा हात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा आहे. सीतादेवी रथ हाकतेय आणि अनिता-प्रीतम घोड्यांच्या जागी जुंपलेत, हे व्यंगचित्र चुकवू नका. अख्ख्या सिनेमाचं म्हणणं त्यात एका चौकटीत मावलंय.

आवडला तर पुढे गुरुदत्तचाच ‘आरपार’ (१९५४) लावा, त्यात टॅक्सीवाल्याची मुंबई आहे. आणि आईंना मधुबालाच हवी असेल तर ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). त्यात कायद्याचा प्रश्न नाही, त्यामुळे मला मध्ये बोलायला काही उरत नाही.