पितृपक्षात डिलिव्हरी बंद, मग डिटेलिंगचं काम सोडावं का?

तू दादा म्हणून हाक मारलीस, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तुझी अडचण मला कळली ती अशी: बाणेरच्या बाजूला एका गाड्यांच्या शोरूममध्ये ठेकेदारातर्फे डिटेलिंगला, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून साफ करून चकचकीत करायच्या कामाला आहेस, दीड वर्ष झालं. गणपती गेले आणि डिलिव्हरी आटल्या. त्याच त्या डेमो गाड्या पुसून कंटाळलास आणि आता ठेकेदार म्हणतो, आठवड्यातून चारच दिवस ये. सोडून जेवणाच्या पार्सलांच्या कामाला लागू का, असं विचारलंयस.

मी या धंद्यात सोळा वर्षं आहे. सातारा रोडला वॉशिंग रॅम्पवर पाइप धरून सुरुवात केली, आता नगर रोडला डिटेलिंगची पोरं सांभाळतो. आपल्या धंद्यातली मंदी कॅलेंडरात आधीच छापून येते. आषाढ, पितृपक्ष, आणि आलाच तर अधिक महिना. २०२३ ला अधिक श्रावण १८ जुलैला लागला तो १६ ऑगस्टपर्यंत, त्यात आषाढ नुकताच संपलेला, म्हणजे सलग दोन महिने गेले. संक्रांतीआधीचा धनुर्मास आपली माणसं गाडीसाठी फारसा धरत नाहीत, पण खराडी-हिंजवडीतलं उत्तरेकडचं गिऱ्हाईक त्यालाच खरमास म्हणून पाळतं आणि संक्रांतीपर्यंत गाडी नेत नाही. २०२५ चं तर विचारूच नकोस. १५ ऑगस्टला कळलं की जीएसटी उतरणार. ३ सप्टेंबरला ठरलं, छोट्या गाड्यांवर २८ चा १८ टक्के होणार, पण २२ सप्टेंबरपासून. कोण येडा आधी गाडी घेईल? त्यातच पितृपक्ष. आणि २२ तारखेला नेमकी घटस्थापना! पाच आठवडे शोरूमच्या काचा पुसल्या आणि मग दसऱ्यापर्यंत रात्री अकराच्या आत घर दिसलं नाही.

तेव्हा पंधरवडा थंड गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. मेख आहे ती तुझा पगार कशावर बांधलाय यात. तू सेल्सच्या बाजूला आहेस. पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी झालेली नवी गाडी धुवायची, वरची संरक्षक फिल्म काढायची, टायर पॉलिश मारायचं, रिबन बांधायची. सेल्सला मुहूर्त लागतो. त्याच कंपाउंडमध्ये मागच्या बाजूला वर्कशॉप आहे, त्याला मुहूर्त लागत नाही. उलट पितृपक्ष हा वर्कशॉपमधल्या इंटिरिअर क्लीनिंगचा सीझन असतो, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

का, ते बघ. निम्मं पुणं गौरी-गणपतीला कोकणात जातं. परत येतात ते गाडीत अर्धं कोकण घेऊन. मागे आमच्याकडे एक सात सीटर आली, गुहागरहून. बाहेरून मालकानं सोसायटीतच धुतली होती, चकचकीत. मधली सीट पुढं सरकवायला गेलो तर सरकेना. खालच्या रेल्समध्ये लाल माती आणि पोह्यांचा चिवडा यांचं मिळून लुकण झालेलं, वर नारळाच्या शेंड्या. ओल्या छत्र्या मॅटवर ठेवल्यामुळे कार्पेटखालचं फेल्ट, म्हणजे जाड अस्तर, भिजलेलं, आणि एसी लावला की कुबट वास. नुसता व्हॅक्यूम मारून तो वास जात नाही. दोन सीट खोलल्या, कार्पेट उचललं, फेल्ट ब्लोअरनं वाळवलं, रेल्सला टूथब्रश, चाकांच्या आतल्या लायनरमधून घमेलंभर माती निघाली. दीड दिवस गेला. मालकीणबाईंनी दार उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, आता पुढच्या वर्षी ह्यांना चप्पल बाहेर काढायला लावते.

असं काम सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरमार्फत येतं. त्याच्या डोक्यावर जादा ट्रीटमेंट विकायचं टार्गेट असतं आणि त्याला ते गिऱ्हाइकाला पटवून देता येत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. तू त्याला फोटो दे. सीट सरकवून रेलचा फोटो, आधीचा आणि नंतरचा, एवढं बास. दोन दिवसांत तो तुला शोधत वॉशिंगला येईल.

दुसरं काम स्टॉकयार्डात आहे, पण ते कोणाला नको असतं, कारण तिथं चिखल असतो आणि कौतुक करायला साहेब नसतो. पावसाळाभर उघड्यावर उभ्या गाड्यांची बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबतात, बंद गाडीत स्टिअरिंगवर आणि सीटवर पांढरी बुरशी धरते, उंदीर वायरिंग कुरतडतात. बॉनेटवरची फिल्म फार दिवस राहिली की कडेला गोंदाची रेघ उमटते. हे सगळं दसऱ्याच्या आदल्या रात्री सापडलं तर बोंब होते आणि खापर आपल्या डोक्यावर फुटतं. आत्ता यार्डात जाऊन गाडीवार यादी केलीस, तर स्टॉक सांभाळणारा माणूस तुझं नाव लक्षात ठेवेल.

आणि मशीन शीक. तू लिहिलंयस की रबिंग-पॉलिशला अजून हात लावू देत नाहीत. बरोबरच आहे, मीही नसता दिला. रंगावरची क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉन असते, डोक्याच्या केसापेक्षा बारीक, आणि पॅनलच्या कडेला त्याहून कमी. तुझ्याएवढा असताना मी साहेबांची नजर चुकवून एका काळ्या डेमो गाडीवर रोटरी, म्हणजे गोल फिरणारं पॉलिशचं मशीन, लावली. बॉनेटच्या कडेवर जरा जास्त रेंगाळलो. आधी गरम वास आला, मग कडेला करडी रेघ. तिथली क्लिअर गेली होती. बॉनेट पूर्ण रंगवावं लागलं आणि पैसे माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापले. ते शोरूम कुठलं ते राहू दे, चूक माझीच होती.

म्हणून तू गाडीवर शिकू नकोस. बॉडीशॉपमध्ये अपघाताच्या गाड्यांची बदललेली बॉनेटं भंगारात जायच्या वाटेवर पडलेली असतात. डेंटरला चहा पाज आणि एक काळं बॉनेट मागून घे. काळंच, कारण त्यावर स्वर्ल मार्क, म्हणजे पॉलिशचे गोल गोल बारीक ओरखडे, लपत नाहीत. डीए मशीन (फिरता फिरता हलणारं, रोटरीपेक्षा कमी धोक्याचं), मऊ पॅड, बारीक पॉलिश, कडांना मास्किंग टेप, आणि एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच तुकडा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघ. दोन आठवड्यांत हात बसायला लागेल. सिरॅमिक कोटिंगच्या मागे आत्ताच लागू नकोस, पॉलिश नीट जमत नसेल तर कोटिंगखाली ओरखडेच सीलबंद होतात.

पार्सलच्या कामाबद्दल: पैसे रोज हातात येतात, खोटं कशाला बोलू. पण पेट्रोल तुझं, गाडी तुझी, आणि परतीच्या पावसात युनिव्हर्सिटी चौकातली कोंडीही तुझीच.

एका बाबतीत मात्र मी तुला थांब म्हणणार नाही. उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघड. स्लिपवर कापलेले पैसे तिथं महिन्याच्या महिन्याला पडलेले दिसले पाहिजेत. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचंही तसंच, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ते लागू असतं. कापतोय आणि भरत नाहीये असं दिसलं, तर दिवस चार असोत की सहा, तो ठेकेदार सोड.

ते ठीक असेल, तर चार दिवसांचं आत्ता मान्य कर, पण उरलेले दोन दिवस वर्कशॉपच्या कामावर लाव म्हणून सांग आणि प्रत्येक ट्रीटमेंटमागे काही पैसे ठरवून घे. हे बोलायची वेळही सांगतो. आत्ता गेलास तर तो म्हणेल, काम कुठंय? दसऱ्यानंतर गेलास तर म्हणेल, बघू दिवाळीला. सर्वपित्री अमावस्येच्या दोन दिवस आधी जा. तेव्हा त्याच्या हातात घटस्थापनेपासूनच्या डिलिव्हरींची यादी आलेली असते आणि मुलं कमी पडणार हे त्याला कळून चुकलेलं असतं.